सांबार कांदा मिळाला नाही तर?

शनिवारी सकाळी साडेनऊला मी पनवेलच्या उरण नाक्यावर एका भाजीवाल्या मावशींसमोर उभा राहून त्यांना समजावत होतो की मला कांदा नकोय, कांदा हवाय. मावशींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर माझ्या ओळखीची आहे. क्लायंटने "बटण निळं नको, निळं हवं" असं सांगितलं की आमचा डिझायनर त्याच्याकडे असंच बघतो.

"म्हणजे छोटा हो. गुलाबी असतो, सोलला की आत दोन-दोन पाकळ्या निघतात, तो."

"सांबार कांदा म्हना की मग. तो आज नाय आला. ही गोल्टी घेऊन जा, बारीकच हाय."

गोल्टी म्हणजे प्रतवारीत खाली राहिलेला बारीक कांदा. नाशिककडच्या बाजारात मोठा माल, मग गोल्टी, आणि त्याहून बारीक ती चिंगळी. दिसायला अगदी सांबार कांद्याची जुळी बहीण. भावही निम्मा. मी खूश होऊन किलोभर घेतली आणि घरी आलो. ही माझी या प्रकरणातली पहिली चूक नव्हती, दुसरी होती. पहिली आधीच्या रविवारी करून झाली होती. सगळं नीट सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

माझी बायको मल्याळी आहे. सासूबाई, म्हणजे अम्मा, कोल्लमच्या. सासरे गेल्यावर गेल्या वर्षाअखेरीस त्या आमच्याकडे राहायला आल्या. तब्येत तशी ठीक, पण जेवण कमी कमी होत चाललं होतं. आमची पोळी-भाजी त्या तक्रार न करता खायच्या, आणि तक्रार नाही हाच काळजीचा मुद्दा होता. जो माणूस जेवणाला नावं ठेवत नाही त्याचं जेवणाकडे लक्ष नाही, असं माझी आई म्हणते. (ती माझ्या वडिलांच्या बाबतीत नेमकं उलट म्हणायची, पण असो.) एकदा बायकोने सहज विचारलं की अम्मा, काय खावंसं वाटतं? बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "उळ्ळी तीयल."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तीयल म्हणजे नारळाचा चव मंद आचेवर अगदी तपकिरी होईपर्यंत भाजायचा, त्यात धणे, सुक्या लाल मिरच्या, चिमूटभर मेथी, कढीपत्ता घालायचा, तेल सुटेपर्यंत वाटायचं आणि चिंचेच्या कोळात उकळायचं. आपल्या कोकणातल्या भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाची ही सख्खी मावसबहीण. भाजल्या वाटणाचा वास घरभर सुटला की ते कोल्लम आहे की पनवेल, हे नाकाला कळत नाही. फक्त उळ्ळी तीयलात माशाच्या किंवा वालाच्या जागी असतात ते छोटे कांदे. अख्खे किंवा दोन भाग केलेले. कांदा तिथे मसाल्याला जोड म्हणून येत नाही, तोच भाजी असतो. आणि आम्ही दोघांनी, दोन इंजिनिअरांनी, ठरवलं की आपण ती करू.

आता कामाला लागल्यावर इंजिनिअर काय करतो? शोधतो. सांबार कांद्याला इंग्रजीत शॅलट म्हणतात, त्याला पर्याय काय ते शोधलं. तक्ता मिळाला. इतके शॅलट म्हणजे एक मध्यम कांदा. सोप्पं! दोन मोठे लाल कांदे घेतले, फोडी केल्या, टाकल्या. अर्ध्या तासात त्या फोडींचे पदर सुटे होऊन रश्शात तरंगायला लागले, रस्सा पातळ झाला, वर एक उग्र गोडूस वास. अम्मांनी दोन घास खाल्ले. "मोने," त्या मला म्हणाल्या, "अच्छा है. ये कांदे का रस्सा है ना?" इतक्या प्रेमाने कुणी माझा कोड रिजेक्ट केलेला नाही.

ही झाली पहिली चूक. दुसरी गोल्टीची. आकार तंतोतंत होता, त्यामुळे रूप छान आलं. पण कच्ची असताना ती इतकी तिखट की सोलताना आम्ही दोघं घळाघळा रडलो आणि शिजल्यावरही मागे एक चरचरीत झाक राहिली. अम्मांनी या वेळी तीन घास खाल्ले. प्रगती होती, पण या वेगाने आम्ही दिवाळीला पोचलो असतो.

तर इथून माझं डोकं भणभणायला लागलं आणि मी जरा वाचत सुटलो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, पटलं नाही तर पुढे भांडता येईल: "याच्याऐवजी काय घालू?" हा प्रश्नच अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा आहे की, "या पदार्थात हे काय काम करतंय, आणि ते काम माझ्या घरातलं कोण करू शकेल?" पर्यायांचे तक्ते वस्तूच्या बदल्यात वस्तू देतात. कामाचा त्यात उल्लेखच नसतो. म्हणून ते चुकतात.

नावावर तर मुळीच विसंबू नये. शॅलट हे नाव भूमध्य समुद्रकाठच्या ॲस्कलॉन या प्राचीन बंदरावरून आलं, आणि कांद्याच्या पातीला इंग्रजीत जो स्कॅलियन शब्द आहे तोही तिथूनच. त्यामुळे गोंधळ पाचवीला पुजलेला. ऑस्ट्रेलियात बऱ्याच ठिकाणी पातीच्या कांद्यालाच शॅलट म्हणतात. तिथली पाककृती बघून कुणी तीयल केली तर काय होईल याचा विचारही करवत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ एकेकाळी याला वेगळी जात मानायचे, आता तो आपल्या नेहमीच्या कांद्याचाच एक गट मानतात. फरक एवढाच की हा लसणासारखा झुबक्याने वाढतो, एका गड्ड्याचे अनेक होतात. तमिळमध्ये चिन्न वेंगायम म्हणजे सरळ 'छोटा कांदा', मल्याळममध्ये चेरिय उळ्ळी म्हणजेही तेच, किंवा चुवन्नुळ्ळी म्हणजे लाल कांदा. आपल्याकडे ज्या पदार्थातून तो पहिल्यांदा भेटला त्याच्यावरून नाव पडलं, सांबार कांदा. आपण निदान कामावरून नाव ठेवलं, हे मला आवडलं.

बरं, नाव एक असलं म्हणजे वस्तू एक असते असंही नाही. ज्यांच्या घरी कांदा येतो त्यांना माहीत असेल की वर्षभर आपण एकच 'कांदा' खात नाही. पावसाळ्यात लावलेला लाल पोळ कांदा येतो, त्यामागून रांगडा, आणि मग रब्बीचा उन्हाळ कांदा. पोळ कांदा टिकत नाही, आला की विकायचा. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन् महिने राहतो. पिशवीवर तिघांचंही नाव कांदाच!

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आमच्या दारात घडलंय. २०१९ च्या डिसेंबरात कांदा शंभरीच्या वर गेला होता तेव्हाची गोष्ट आठवते का? हॉटेलात मिसळीबरोबर कांद्याऐवजी कोबी आणि मुळा यायला लागला होता. तेव्हा सरकारने तुर्कस्तान आणि इजिप्तहून कांदा मागवला. पनवेलहून थोड्याच अंतरावरच्या न्हावा शेवा बंदरात तो उतरला. कागदावर सगळं बरोबर होतं. कांद्याच्या बदल्यात कांदा, यापेक्षा चांगला पर्याय कुठला? पण तो कांदा भलामोठा आणि चवीला मवाळ. लोकांनी हातात घेऊन पाहिला आणि ठेवून दिला. तोवर आपला नवा कांदाही बाजारात यायला लागला. ज्या राज्यांनी आधी मागणी नोंदवली होती त्यांनीही मग हात वर केले, आणि २०२० च्या जानेवारीत तो माल कुणाला विकावा हा प्रश्न होऊन बसला. आपल्या घरात कांदा तिखटपणा द्यायला येतो, भाकरीबरोबर बुक्कीने फोडून खायला येतो, हे काम त्या तक्त्यात कुणी लिहिलंच नव्हतं.

तर काम बघायचं. सांबार कांदा स्वयंपाकात मला तरी चार कामं करताना दिसतो.

पहिलं, अख्खा शिजून भाजी होणं. सांबारात, तीयलात. इथे थोडं रसायनशास्त्र कामाला येतं. कांद्याचा तिखटपणा कांद्यात तयार स्वरूपात नसतोच. गंधकाची संयुगं एका कप्प्यात, ती फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात. सुरी लागली, पेशी फुटल्या, की दोघं भेटतात आणि मग डोळ्यांतून पाणी. (हे पाणी काढणारं खास विकर जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली शोधलं आणि २०१३ साली त्यांना त्याबद्दल इग्नोबेल मिळालं. रडवल्याबद्दल पारितोषिक!) पण कांदा अख्खाच गरम झाला तर भेट व्हायच्या आधीच विकर निकामी होतं. म्हणून अख्खा शिजलेला कांदा गोड आणि शांत लागतो. म्हणजे माझ्या मोठ्या कांद्याच्या फोडींनी पहिल्याच पायरीला घात केला होता. प्रमाण बरोबर होतं. पण मी कापलं होतं. इथे पर्याय निवडताना आकार आणि मवाळपणा दोन्ही हवेत. आकार गोल्टीत होता, मवाळपणा नव्हता.

दुसरं, कच्चा खाल्ला जाणं. चटणीत, कोशिंबिरीत, फ्रेंच लोक व्हिनेगरात बुडवून सॅलडवर घालतात त्यात. इथे सांबार कांदा तिखट असतो, पण त्याला थोडी लसणाची बाजू असते. नेहमीचा लाल कांदा बारीक चिरून, थंड पाण्यातून काढून, घट्ट पिळून घेतला आणि जोडीला लसणाची अर्धी पाकळी ठेचून घातली की बरंच जवळ जाता येतं.

तिसरं, तळून कुरकुरीत होणं. इंडोनेशियात नासी गोरेंगवर भुरभुरतात तो तळलेला कांदा सांबार कांद्याच्या भावंडांचाच. त्याच्यात पाणी कमी, म्हणून तो लवकर कुरकुरीत होतो. इथे पर्याय म्हणून साठवणीचा उन्हाळ कांदा घ्या, रसाळ ताजा कांदा नको. पातळ उभा चिरून तासभर पंख्याखाली पसरून ठेवा, मग मंद आचेवर तळा आणि रंग पुरता चढायच्या आधीच काढा, बाहेर आल्यावरही तो पिकतच राहतो. हे खरं तर आपल्या बिर्याणी करणाऱ्यांना कुणी शिकवायला नको.

चौथं, वाटणात नाहीसं होणं. थाई करीच्या वाटणात, तीयलाच्याच मसाल्यात नारळाबरोबर भाजायला घालतात ते चार कांदे. इथे उगाच जीव जाळू नका. कुठलाही कांदा चालतो. फक्त पाणी कमी घाला. सांबार कांद्यासाठी तीन दुकानं फिरून आणि चाळीस मिनिटं सोलत बसून शेवटी तो मिक्सरमध्ये घालायचा, हे म्हणजे लिफ्ट बंद म्हणून हेलिकॉप्टर मागवण्यासारखं आहे.

आणि कांद्याची पात या चारपैकी एकही काम करत नाही. नाव कितीही सारखं असो. ती वरून भुरभुरायला छान, तिला तिथेच सुखाने राहू द्या.

आता आमचं अडलं होतं पहिल्या कामावर. ते सुटलं दोन ठिकाणांहून.

एक म्हणजे आई. साताऱ्याला फोन केला. तिला तीयल म्हणजे काय हे माहीत नाही आणि जाणून घ्यायची फारशी इच्छाही नव्हती. तिने एवढंच विचारलं, "कांदा अख्खा राहायला हवाय ना? मग भरली कांदी करतो तसं कर की. बूड कापू नकोस. वरून चिरा दे, खालपर्यंत नेऊ नकोस. मुळाकडचा भाग धरून असतो सगळ्यांना." मी गप्प. इतकी वर्षं मी भरली कांदी खातोय, दाण्याचं कूट आणि गोडा मसाला चाटून पुसून खातोय, आणि अख्खा कांदा शिजवण्याची विद्या आपल्या घरातच आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. पदार्थाचं नाव वेगळं, म्हणून मी तिकडे शोधलंच नव्हतं.

दुसरं म्हणजे रस्ता. मार्चमध्ये एका कामासाठी अलिबागला गेलो होतो. वडखळहून अलिबागकडे वळलात की पोयनाड, कार्लेखिंड या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. पातीसकट वेणी घालून विणलेल्या. भात निघाल्यावर त्याच शेतात हे पीक घेतात, आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत काय तो त्याचा हंगाम. कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांची नावं त्याच्याशी जोडलेली. २०२१-२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हा कांदा इतका मवाळ की नुसता चावून खाता येतो. मी माळा बघत होतो आणि एकदम लक्षात आलं की माळेच्या टोकाला कांदे बारीक असतात. लिंबाएवढे! विकणाऱ्या काकूंना विचारलं, सगळी बारकीच माळ मिळेल का? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं (लोक मोठी माळ मागतात) आणि आतून एक बारकी माळ आणून स्वस्तात दिली.

तिसरा प्रयत्न. बारका पांढरा कांदा, बूड शाबूत, वरून एक चीर. खोबरेल तेलात आधी मंद परतला, मग चिंचेचा कोळ, मग वाटण. एकही पदर सुटला नाही. रस्सा दाट, रंग काळपट तपकिरी. कांदे लोण्यासारखे. पांढरा कांदा मुळात गोडसर म्हणून चिंच किंचित वाढवली. मला विचाराल तर पदार्थ फक्कड झाला होता.

अम्मांनी एक कांदा तोंडात घातला. चावला. आम्ही दोघं रिलीजच्या रात्री सर्व्हरकडे बघतात तसे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"अच्छा है," त्या म्हणाल्या. आणि मग, "लेकिन तीयल नहीं है."

इथे माझ्यातला एक माणूस दुखावला, हे कबूल करतो. तीन रविवार घालवले होते. पण पुढचं ऐका. त्यांनी वाटीभर संपवलं. वर आणखी थोडं घेतलं. मग मुलीला मल्याळममध्ये काहीतरी विचारलं. बायको म्हणाली, अम्मा विचारतेय हा पांढरा कांदा अजून आहे का? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं ऑफिसातून आलो तर अम्मा ओट्याशी उभ्या होत्या. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. त्यांनी खलबत्ता काढला होता आणि उळ्ळी चम्मंदी चालली होती. छोटे कांदे, सुकी मिरची आणि मीठ ठेचायचं, वरून कच्चं खोबरेल तेल ओतायचं, आणि उकडलेल्या कप्प्याबरोबर खायचं. (कप्पा म्हणजे टॅपिओकाचा कंद, ज्याच्यापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तो.)

त्यांनी पांढरा कांदा ठेचला, बोटाने चाटून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. मवाळ! मग त्यांनी काय केलं असेल? टोपलीतल्या उरलेल्या गोल्टीतला एक कांदा घेतला, लसणाची एक पाकळी घेतली, दोन्ही त्यात ठेचलं. परत चाटलं. मान हलवली. झालं. तक्ता नाही, प्रमाण नाही, शोधाशोध नाही. दहा सेकंदांत त्यांनी ओळखलं की काय कमी आहे आणि ते घरात कशाकडे आहे. ज्या गोल्टीला मी नापास करून कोपऱ्यात टाकलं होतं तिला त्यांनी कामाला लावलं.

मी तिथे दारात उभा राहून बघत होतो आणि मला वाटतं, पर्याय या विषयावर मला जे काही कळलंय ते तेवढ्यातच कळलं. जिला मूळ वस्तू पूर्ण माहीत आहे तिलाच ती बदलता येते. आपण उलटं समजतो. पर्याय म्हणजे अननुभवी माणसाची काठी, आणि जाणकार मात्र 'अस्सल'वर अडून बसणार, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अस्सलचा हट्ट मी धरला होता, ज्याने तीयल आयुष्यात मोजून सहा वेळा खाल्ली. अम्मांना हट्ट नव्हता. त्यांना फक्त फरक कळत होता. फरक कळणं आणि हट्ट धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर कुणी म्हणेल, अरे बाबा, आता ॲपवर सांबार कांदा मिळतो, दहा मिनिटांत दारात येतो, कशाला एवढं? येतो, मान्य. आम्हीही मागवला होता. एकदा पाकिटातल्या अर्ध्यांना मोड आले होते, एकदा 'उपलब्ध नाही', एकदा चांगला आला. पण मुद्दा कांद्याचा नाहीच. पनवेलसारख्या गावात अर्धी माणसं कुठून तरी आलेली आहेत. साताऱ्याहून, कोल्लमहून, आझमगढहून, जळगावहून. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात काहीतरी मिळत नाही, आणि घरात एक तरी माणूस असं असतं ज्याला त्या न मिळणाऱ्या गोष्टीची चव आठवते. त्याच्यासमोर चुकीचा पर्याय ठेवून "हे सेमच आहे" म्हणणं, हे मला आता थोडं क्रूर वाटतं. ते सेम नाही हे त्याला कळतं, आणि आपल्याला कळत नाही हेही त्याला कळतं. मग तो माणूस तक्रार करणं सोडून देतो आणि गुपचूप कमी जेवतो.

दुसऱ्या टोकाला 'अस्सल नाही तर करूच नका' म्हणणारे. त्यांच्या नादी लागलं तर अम्मा वर्षभर आमची पोळी-भाजी गप्प खात राहिल्या असत्या.

या दोन्हींच्या मधला रस्ता आपल्या आज्यांना चांगला माहीत होता. चातुर्मासाचं बघा. ज्या घरांत तो पाळतात तिथे आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमीला कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, भरली कांदी खाऊन कांद्याला निरोप द्यायचा, आणि मग कार्तिकीपर्यंत कांदा बंद. या चार महिन्यांत काय करतात? भज्यांत कोबी घालतात, कारण भज्यात कांद्याचं काम कुरकुरीत पदर देणं हे आहे आणि ते कोबीला बऱ्यापैकी जमतं. पण त्याला 'कोबीची भजी' म्हणतात, कुणी कांदाभजी म्हणून खपवत नाही. आणि आमटीत तर कांद्याची जागा भरायच्या भानगडीतच पडत नाहीत. हिंगाची फोडणी, गोडा मसाला, आमसूल, गूळ घालून सरळ दुसरीच आमटी करतात. ती काही कांद्याशिवायची लंगडी आमटी नसते, तिची ती स्वतंत्र आहे. म्हणजे दोनच नियम: काम जमत असेल तर बदला आणि नाव खरं सांगा. काम जमत नसेल तर पदार्थच बदला. यात कुणाची फसवणूक नाही आणि कुणी उपाशीही नाही.

मे महिन्यात बायकोचा मामेभाऊ नेत्रावती एक्स्प्रेसने आला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून पनवेल स्टेशनावर केरळची गाडी थांबली की किती पिशव्या उतरतात ते एकदा जाऊन बघा. फणस, केळ्याचे वेफर्स, खोबरेल तेलाचे डबे. त्याच्या पिशवीत पाच किलो सांबार कांदे होते. अम्मांनी तीयल केली. खरी.

प्रामाणिकपणे सांगतो, फरक आहे. माझ्या पांढऱ्या कांद्याच्या प्रयोगात आणि या तीयलीत चांगलाच फरक आहे. तो कांदा शिजून गोड होतो पण आत कुठेतरी लसणासारखी एक धार शिल्लक ठेवतो, आणि ती चिंचेला जाऊन भिडते. मी त्या दिवशी पहिल्यांदा समजून खाल्लं की अम्मांना "नहीं है" का म्हणावं लागलं. आधीचे तीन फसलेले प्रयोग नसते तर मला ते कळलंही नसतं, मी 'छान झालंय' म्हणून चार घास जास्त खाल्ले असते आणि विषय संपला असता.

चम्मंदी मात्र अम्मा अजूनही अलिबागच्या कांद्याचीच करतात, त्या एका गोल्टीसकट. परवा खालच्या मजल्यावरच्या काकू डबा परत द्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, याला काय म्हणतात हो? अम्मांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "पनवेल चम्मंदी."

बाल्कनीतल्या माळेत आता सातच कांदे उरलेत. हंगाम संपलाय. पुढच्या आठवड्यात पांढरा कांदा नसेल तर काय घालायचं हे बघावं लागेल. मी शोधणार नाहीये. अम्मांना विचारेन.